ग्रीक ही संस्कृतची कोण लागते?

प्रश्न असा आहे: ‘पितर’ला ग्रीकमध्ये ‘पातेर’, ‘सप्त’ला ‘हेप्ता’, ‘नाम’ला ‘ओनोमा’. इतकं साम्य आहे, तर ग्रीक संस्कृतातून निघाली का? की ‘केंद्र’ हा शब्द मूळचा ग्रीक म्हणतात, तसं आपणच त्यांच्याकडून घेतलं? आणि लॅटिन, फारसी, जर्मन या सगळ्या गोतावळ्यात ग्रीक नेमकी कुठे बसते?

आधी उत्तर देतो, मग कारणं. ग्रीक संस्कृतातून निघालेली नाही आणि संस्कृतही ग्रीकमधून नाही. दोघी बहिणी आहेत. त्यांची आई आता हयात नाही आणि तिचं एक अक्षरही कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. तिला आपण मूळ भारोपीय भाषा म्हणतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी हे जाहीरपणे मांडलं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्हींचा उगम एकच, आणि तो बहुधा आज उरलेला नाही. लॅटिन, फारसी, जर्मन, रशियन, आर्मेनियन, आल्बेनियन, हित्ती अशा कितीतरी भाषा त्याच घरातल्या. मराठी संस्कृतच्या बाजूची, म्हणजे ग्रीक आपली मावशी. ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणतात. इथे माय खरोखरच गेलेली आहे आणि ती कशी बोलत असेल हे आपल्याला मावश्यांकडूनच काढून घ्यावं लागतं.

लॅटिनला पुढे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन अशा मुली झाल्या. ग्रीकच्या शाखेत मात्र ग्रीकच राहिली. अथेन्सची, स्पार्टाची, लेस्बोसची, सायप्रसची अशा तिच्या बोली होत्या, पण त्यांतून वेगवेगळ्या मोठ्या भाषा उभ्या राहिल्या नाहीत. आणि लॅटिन ग्रीकमधून निघाली असं जे सर्रास ऐकू येतं ते चूक आहे. लॅटिनने ग्रीककडून शब्द भरपूर घेतले, पण ती तिची बहीण आहे, मुलगी नव्हे.

आता कारणं. तीस वर्षं संस्कृत आणि ग्रीक दोन्ही शिकवताना पहिल्या तासाला मला एकच गोष्ट सांगावी लागते, की नुसत्या साम्यावरून नातं ठरवू नका. ‘देव’ला लॅटिनमध्ये ‘देउस’ आणि ग्रीकमध्ये ‘थेओस’. कानाला वाटतं तिन्ही एकच. देव आणि देउस खरोखर एक आहेत. थेओसचा मात्र त्यांच्याशी संबंध नाही. संस्कृत शब्दाच्या आरंभी ‘द’ असेल तिथे ग्रीकमध्येही ‘द’च असतो: दश–देका, ददामि–दिदोमि, दम म्हणजे घर–दोमोस. ग्रीक ‘थ’ येतो तो संस्कृत ‘ध’च्या जागी: धूम–थ्यूमोस. तेव्हा देवच्या जागी थेओस येऊच शकत नाही. देवचा ग्रीक भाऊबंद वेगळाच आहे, तो म्हणजे झेउस. त्याची षष्ठी ‘दिवोस’, पुढे ‘दिओस’. आपल्याकडे द्यौः, षष्ठी दिवः. त्याला हाक मारताना ग्रीक म्हणत ‘झेउ पातेर’, वेदातले ऋषी म्हणत ‘द्यौष्पितः’, रोमन म्हणत ‘युप्पितेर’. आभाळाला बाप म्हणायची ही रीत तिन्ही घरांत आईकडून आली.

योगायोग कुठवर जातो याचा एक नमुना सांगतो. आजच्या ग्रीकमध्ये डोळ्याला ‘माती’ म्हणतात आणि मलय भाषेत ‘माता’. दोन्हींचा काडीचा संबंध नाही. ग्रीक ‘माती’ हा ‘ओम्मातिओन’ या जुन्या शब्दाचा झिजलेला तुकडा आहे, आणि त्याच्या मुळाशी जो धातू आहे तोच आपल्या ‘अक्षि’त आहे. म्हणजे दिसायला जुळे ते परके आणि दिसायला अनोळखी ते सख्खे, असं इथे वारंवार होतं. आर्मेनियनमध्ये दोनला ‘एर्कु’ म्हणतात. तो ‘द्वि’चाच भाऊ आहे, पण चेहऱ्यावरून कोण ओळखेल?

मग ओळखायचं कसं? नियमाने. एक ध्वनी एका भाषेत बदलला तर तशा प्रत्येक शब्दात, त्याच परिस्थितीत, तो तसाच बदललेला दिसला पाहिजे. ‘सप्त’ घ्या. ग्रीकमध्ये स्वरापुढच्या आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ होतो: सप्त–हेप्ता, सर्पति–हेर्पेइ. लॅटिनमध्ये ‘स’ टिकला: सेप्तेम, सेर्पित. दोन स्वरांच्या मधला ‘स’ तर ग्रीकमध्ये पार गळून जातो. ‘जनस्’ म्हणजे वंश, कुळ. त्याचं संस्कृत षष्ठीचं रूप जनसः. लॅटिनमध्ये गेनुस–गेनेरिस, कारण लॅटिनने मधल्या ‘स’चा ‘र’ केला. ग्रीकमध्ये गेनोस–गेनेओस, मधे काहीच नाही, दोन स्वर एकमेकांना टेकलेले. जनसः, गेनेरिस, गेनेओस ही तीन रूपं मी फळ्यावर एकाखाली एक लिहितो आणि विद्यार्थ्यांना विचारतो, यांतलं मुळाजवळचं कोणतं? संस्कृतने ‘स’ राखला, बाकी दोघींनी आपापल्या परीने घालवला, हे त्यांना स्वतःला सापडतं.

‘स’चा ‘ह’ फारसीनेही केला. फारसीत सातला ‘हफ्त’, त्यावरून सात दिवसांचा हप्ता, जो आज आपण कर्जाचा भरतो. म्हणून ग्रीक आणि फारसी विशेष जवळच्या झाल्या का? नाही. आपल्या मराठीनेही हेच केलं आहे. हिंदीत ‘दस’ राहिलं, आपल्याकडे ‘दश’चं ‘दहा’ झालं. ‘स’ ढिला पडून ‘ह’ होणं ही सोपी घसरण आहे. कोणीही, कधीही, आपापलं घसरू शकतं. असला बदल दोन भाषांत सारखा दिसला तर त्यावर नात्याची इमारत बांधू नये.

भक्कम पुरावा मिळतो तो विक्षिप्त रूपांमधून. नियमित गोष्टी उसन्या घेता येतात, पण घरातला विचित्र हट्ट कोणी शेजाऱ्याकडून आणत नाही. संस्कृतात ‘अस्ति’ म्हणजे आहे, पण अनेकवचनात आरंभीचा ‘अ’ जातो आणि ‘सन्ति’ उरतं. लॅटिनमध्ये एस्त–सुन्त. जर्मनमध्ये इस्ट–झिंट. ग्रीकमध्ये एस्ति, आणि डोरिक, म्हणजे स्पार्टाकडच्या, बोलीत अनेकवचन ‘एन्ति’; ‘सेन्ति’तला ‘स’ वर सांगितल्याप्रमाणे गेलेला.

याहून सुंदर उदाहरण ‘वेद’चं आहे. विद् धातूचं हे रूप दिसायला परोक्ष भूतकाळाचं, पण अर्थ वर्तमानाचा: ‘मला ठाऊक आहे’. त्या काळात धातूच्या पहिल्या अक्षराचं द्वित्व व्हायला हवं, चकार, जगाम यांसारखं. इथे ते नाही. एकवचनात ‘वेद’, मध्यमपुरुषात ‘वेत्थ’, अनेकवचनात स्वर आखडून ‘विद्म’. आता ग्रीक बघा: ओइदा, ओइस्था, इदमेन. आरंभीचा ‘व’ ग्रीकने टाकला, बाकी चालणं-बोलणं तेच. द्वित्व नाही, अर्थ वर्तमानाचा, अनेकवचनात स्वर आखडलेला. गॉथिकमध्ये, म्हणजे जर्मनच्या एका जुन्या, आता लुप्त झालेल्या बहिणीत, वाइत, वाइस्त, वितुम. ‘पाहून झालंय, म्हणून ठाऊक आहे’ या अर्थाचं हे एक अडनिडं क्रियापद दोन खंडांच्या कडेकपारीत आपला सगळा अडनिडेपणा सांभाळून राहिलं. हे तिघींनी स्वतंत्रपणे रचलं असेल असं कोणाला वाटत असेल तर त्याने तसं दुसरं उदाहरण दाखवावं.

आता मी माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीकडे येतो. संस्कृत ज्यांनी शाळेत शिकली आहे त्यांना ‘चकार’ माहीत असेल. कृ धातूचं द्वित्व केलं तर ‘ककार’ व्हायला हवं. ‘च’ कुठून आला? पाणिनीने नियम दिला, कुहोश्चुः, म्हणजे द्वित्वातल्या पहिल्या अक्षरात कवर्गाचा आणि ‘ह’चा चवर्ग करायचा. म्हणून चकार, जगाम, हन्‌चं जघान. नियम अचूक आहे, सगळी रूपं त्यात बसतात. पण असं का होतं, याचं उत्तर संस्कृतात नाही. ते ग्रीककडे आहे.

ग्रीकमध्ये ए, ओ, आ हे तीन स्वर वेगळे आहेत. संस्कृतात त्या तिन्हींच्या जागी एकच ‘अ’ दिसतो. फेरोन्ति (डोरिक बोलीतलं)–भरन्ति, ओक्तो–अष्टौ, आगेइ–अजति. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक विद्वान मानत की मूळ स्वर ‘अ’च होता आणि ग्रीकने त्याचे तीन तुकडे केले. संस्कृत सगळ्यांत जुनी आणि शुद्ध, तेव्हा तिचंच खरं धरायचं, अशी ती समजूत होती. १८७०च्या दशकात पाच-सहा जणांच्या जवळपास एकाच वेळी लक्षात आलं की हे उलट आहे. संस्कृतातले ‘क’ आणि ‘च’ समोर ठेवा. ‘च’ म्हणजे आणि, ग्रीकमध्ये ‘ते’. पञ्च–पेन्ते. ‘कतर’ म्हणजे दोघांतला कोणता, ग्रीकमध्ये ‘पोतेरोस’. जिथे ग्रीकमध्ये पुढचा स्वर ‘ए’ आहे तिथे संस्कृतात ‘च’ आहे, जिथे ‘ओ’ आहे तिथे ‘क’. म्हणजे संस्कृतातही एके काळी ‘ए’ होता. त्या ‘ए’ने ओढून ‘क’चा ‘च’ केला, मग स्वतः ‘अ’ होऊन मिटून गेला. मागे राहिला तो त्याच्या पावलाचा ठसा, ‘च’.

आता पुन्हा चकारकडे या. ग्रीकमध्ये द्वित्वातल्या पहिल्या अक्षराचा स्वर कायम ‘ए’ असतो आणि धातूतला स्वर ‘ओ’: लेलोइपा, गेगोना. तसंच मूळचं रूप ‘केकोर’सारखं होतं. पहिल्या ‘क’पुढे ‘ए’, म्हणून त्याचा ‘च’. दुसऱ्यापुढे ‘ओ’, म्हणून तो ‘क’च राहिला. मग दोन्ही स्वर ‘अ’कडे गेले आणि चकार उरलं. पाणिनीने जे टिपलं त्याचं कारण हजारो मैलांवरच्या बोलीत सुरक्षित होतं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. आजही हा तास घेताना मला तेवढाच आनंद होतो.

ग्रीककडे असा आणखी एक ठेवा आहे. ही यादी पाहा: नर–आनेर, नाम–ओनोमा, दन्त–ओदोन्त, नख–ओन्युख, भ्रू–ओफ्रूस, रुधिर–एरुथ्रोस (तांबडा). आपल्या नाव, दात, नख, भुवई यांच्याच या ग्रीक बहिणी. पण ग्रीकमध्ये आरंभी कधी ‘आ’, कधी ‘ओ’, कधी ‘ए’ जास्तीचा आहे. पूर्वी म्हणत, उच्चाराच्या सोयीसाठी लावला असेल. पण सोयीसाठी तीन वेगळे स्वर कशाला लागतील? १८७९ साली फेर्दिनां द सोस्यूर या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाने केवळ तर्काने मांडलं की मूळ भाषेत असे काही ध्वनी होते जे सगळ्या ज्ञात भाषांतून नाहीसे झाले. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे आनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, हित्ती भाषेच्या मातीच्या पाट्या सापडल्या, वाचल्या गेल्या, आणि १९२७ साली कुरिलोविच या पोलिश भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की सोस्यूरने जिथे ध्वनी हरवला म्हटलं होतं तिथेच हित्तीमध्ये खरखरीत ‘ह’ लिहिलेला आहे. ‘अस्थि’ला ग्रीकमध्ये ‘ओस्तेओन’, हित्तीत ‘हस्ताई’. तारकेला ग्रीकमध्ये ‘आस्तेर’, हित्तीत ‘हस्तेर’. ते कंठातले ध्वनी जाताना ग्रीकमध्ये आपापल्या रंगाचा स्वर ठेवून गेले, एक ‘ए’चा, एक ‘आ’चा, एक ‘ओ’चा. इतका स्पष्ट तिहेरी ठसा दुसऱ्या कोणत्याही शाखेत नाही. म्हणून मूळ भाषेची मांडणी करणारा माणूस ग्रीकशिवाय एक पाऊल टाकू शकत नाही.

संस्कृतची बाजूही तितकीच भारी आहे. व्यंजनं तिने राखली. मूळचे घ, ध, भ ग्रीकमध्ये ख, थ, फ झाले: भरति–फेरेइ, मधु–मेथ्यू. एका शब्दात असे दोन महाप्राण, म्हणजे ‘ह’ची फुंकर मिसळलेली व्यंजनं, लागोपाठ आले तर दोन्ही भाषा पहिल्याचा प्राण काढून घेतात. ‘धधामि’ म्हणायला जड, म्हणून ‘दधामि’, ‘थिथेमि’चं ‘तिथेमि’. हे १८६३ साली हेर्मान ग्रासमान यांनी दाखवलं. हे गृहस्थ पेशाने गणिताचे शिक्षक. ऋग्वेदाचा त्यांनी केलेला कोश आजही आमच्या टेबलावर असतो. गंमत अशी की दुसरा महाप्राण काही कारणाने गेला तर पहिला परत येतो. बुध् धातूचं भविष्यकाळी ‘भोत्स्यते’ होतं, तो ‘भ’ कुठून उगवला असं विद्यार्थी विचारतात. तो मुळातलाच आहे, दबून बसला होता. ग्रीकमध्ये केसाला ‘थ्रिक्स’, आणि षष्ठीत ‘त्रिखोस’. तिथेही हीच लपाछपी. पण हा बदल दोघींनी वेगवेगळा केला. एकत्र असताना झाला असता तर बोधच्या ग्रीक भावंडात आरंभी ‘ब’ दिसला असता. दिसतो ‘प’: पेउथोमाइ, म्हणजे विचारून जाणून घेणे. अर्थात आधी ग्रीकने ‘भ’चा ‘फ’ केला आणि मग त्याचा प्राण काढला. कोणती गोष्ट वेगळं होण्याआधीची आणि कोणती नंतरची, हे असं एकेका अक्षरावरून काढायचं असतं.

स्वराघातही असाच. वेद म्हणणाऱ्यांनी उदात्त-अनुदात्त तोंडी सांभाळले, ग्रीक हस्तलिखितांनी शब्दांवरच्या खुणांनी. ‘पाय’ या शब्दाची रूपं घ्या. द्वितीयेत वैदिक ‘पादम्’ आणि ग्रीक ‘पोदा’, दोन्हीकडे आघात पहिल्या अक्षरावर. षष्ठीत ‘पदः’ आणि ‘पोदोस’, सप्तमीत ‘पदि’ आणि ‘पोदि’. आता दोन्हीकडे तो शेवटच्या अक्षरावर सरकतो. पित्याला हाक मारताना तोच आघात दोन्हीकडे उलट पुढे येतो. गुरुमुखाने म्हटलेला वेदातला स्वर आणि अथेन्सचा स्वर इतका नेमका जुळावा, याला आईची शिकवण म्हणायचं, दुसरं काय?

हे सगळं तर्काचं झालं. पण कधी कधी जमीनच साक्ष देते. क्रीटमधल्या क्नोसोसला आणि ग्रीसमधल्या पिलोसला मातीच्या पाट्या सापडल्या होत्या, इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १२०० या काळातल्या. लिपी कोणाला वाचता येत नव्हती. १९५२ साली मायकल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने ती फोडली आणि भाषा निघाली ग्रीक. पुष्कळांचा विश्वास बसेना. मग १९५३मध्ये पिलोसचे उत्खननकर्ते कार्ल ब्लेगन यांनी नव्या सापडलेल्या एका पाटीवर ती वाचनपद्धत लावून पाहिली. पाटी होती भांड्यांच्या मोजदादीची. तीन पायांच्या भांड्याचं चित्र, शेजारी ‘ति-रि-पो’. दोन असतील तिथे ‘ति-रि-पो-दे’, म्हणजे चक्क द्विवचन. आपली तिवई ज्या ‘त्रिपाद’मधून आली तोच हा शब्द. पुढे घड्यांची चित्रं. चार मुठींच्या घड्यापुढे ‘क्वे-तो-रो-वे’, तीन मुठींच्या घड्यापुढे ‘ति-रि-यो-वे’, मूठच नसलेल्यापुढे ‘आ-नो-वे’. शब्दशः अर्थ चार कानांचा, तीन कानांचा, बिनकानाचा. आपण कढईचे कान म्हणतो, तसेच ते घड्याचे कान म्हणत. चित्रातले कान मोजा आणि शब्द वाचा, एकही चुकत नाही.

त्यात ‘क्वे-तो-रो’ बघा. पुढच्या काळातल्या ग्रीकमध्ये चारला ‘तेत्तारेस’ म्हणतात, आरंभी ‘त’. संस्कृतात चत्वारः, लॅटिनमध्ये क्वात्तुओर. या तिन्हींवरून विद्वानांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मुळात ‘क्व’सारखा ध्वनी असला पाहिजे आणि ग्रीकनेही तो पूर्वी राखला असला पाहिजे. पाटीवर तो ध्वनी लिहिलेला मिळाला. गुराखी म्हणजे पुढच्या ग्रीकमध्ये ‘बोउकोलोस’. पाट्यांवर तो ‘ग्वोउकोलोस’ आहे, ‘गो’ला किती जवळ!

आता शेजारसंबंध. शंभरला लॅटिन ‘केंतुम’, ग्रीक ‘हेकातोन’, संस्कृत ‘शतम्’, अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातली इराणी ‘सतेम’. यावरून भारोपीय भाषांचे पश्चिमेकडच्या ‘क’वाल्या आणि पूर्वेकडच्या ‘श-स’वाल्या असे दोन गट करत. त्यात ग्रीक लॅटिनच्या बाजूला पडते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थेट चिनी तुर्कस्तानात तोखारी भाषा सापडली आणि ती निघाली ‘क’वाली. तेव्हापासून ही वाटणी कुळाची खूण म्हणून फार उपयोगाची राहिली नाही.

क्रियापदाच्या रचनेत ग्रीक लॅटिनपेक्षा संस्कृतला जवळची आहे, यात शंका नाही. भूतकाळासाठी आरंभी लावायचा ‘अ’ घ्या: संस्कृत अभरत्, ग्रीक एफेरे, आर्मेनियन एबेर. हा आगम ग्रीक, आर्य शाखा (म्हणजे संस्कृत आणि इराणी), आर्मेनियन आणि फ्रिजियन इतक्याच ठिकाणी मिळतो. लॅटिनमध्ये नाही, जर्मनमध्ये नाही. आपल्या मराठीने तो केव्हाच सोडला, आपला ‘केला’ कृदंतातून आला. ग्रीकने मात्र आजही धरून ठेवला आहे: अथेन्सच्या रस्त्यावरचा माणूस ‘ग्राफो’ म्हणजे लिहितो आणि ‘एग्राप्सा’ म्हणजे लिहिलं असंच म्हणतो. आत्मनेपदही दोघींकडे आहे: भरते–फेरेताइ. यावरून ग्रीक आणि आर्य मिळून एक पोटशाखा होती असं काही विद्वान मानतात. मला ते पटत नाही. त्या काही काळ शेजारी नांदल्या असतील, एवढं मी मान्य करीन. कारण यांतल्या बऱ्याच गोष्टी आईच्याच असून बाकीच्यांनी नंतर टाकल्या, असंही असू शकतं. आणि दोघींनी मिळून जपल्या म्हणजे दोघींनी मिळून घडवल्या असं होत नाही. सर्वांत जवळची शेजारीण कोण विचारलंत तर मी फ्रिजियनचं नाव घेईन. ती आनातोलियात बोलली जाई, आता लुप्त आहे. तिथल्या एका कोरीव दर्शनी कड्यावर मिदास राजाचं नाव आहे, आणि त्याला लावलेल्या दोन्ही पदव्या पिलोसच्या पाट्यांवर ग्रीकमध्येही आहेत.

ग्रीकमध्ये सगळंच घरचं नाही, हेही सांगायला हवं. समुद्राला ‘थालास्सा’ म्हणतात. त्याला भारोपीय भावंड सापडत नाही. कोरिन्थोस, लाब्युरिन्थोस यांतला ‘न्थोस’ आधीच्या रहिवाशांच्या बोलीतला आहे. समुद्राकाठी येऊन राहिलेल्या लोकांनी समुद्राचा शब्द तिथल्यांकडून घेतला. भावालाही त्यांनी जुना शब्द सोडून ‘आदेल्फोस’ हा नवा केला, अर्थ ‘एका उदरातला’, म्हणजे आपला सहोदरच. ‘फ्रातेर’ मात्र उरला तो भाऊबंदकीतला माणूस म्हणून.

कवितेबद्दल एकच सांगतो. होमरच्या इलियडमध्ये अखिलेस म्हणतो की युद्धात राहिलो तर घरी परतणं नाही, पण ‘क्लेओस आफ्थितोन’ मिळेल, न झिजणारी कीर्ती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात (१.९.७) इंद्राकडे ‘श्रवः… अक्षितम्’ मागितलं आहे. क्लेओस म्हणजे श्रवः, आफ्थितोन म्हणजे अक्षितम्, ध्वनीला ध्वनी जुळून. आडाल्बेर्ट कून या जर्मन विद्वानांनी १८५३ साली हे दाखवलं. गवयांच्या तोंडचा हा शब्दबंध दोन्ही घरांनी आईच्या अंगणातून उचलून नेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

राहिला ‘केंद्र’चा प्रश्न. तो उसना शब्द आहे, नात्याचा नाही. ग्रीक ‘केन्त्रोन’ म्हणजे टोक, कर्कटकाचं टोक. ज्योतिषाबरोबर तो इकडे आला. ‘होरा’ही तिकडचा. पत्रिकेतलं सातवं स्थान ‘जामित्र’, ते ग्रीक ‘दिआमेत्रोस’. ‘दाम करी काम’मधला दाम म्हणजे द्रख्मे हे ग्रीक नाणं. आपण खडकाला सुरुंग लावतो तो शब्दही ग्रीक ‘स्युरिंक्स’वरून, नळी किंवा बोगदा या अर्थाने, संस्कृत ‘सुरुङ्गा’ होऊन आलेला मानतात. उलट दिशेने आपली पिंपळी तिकडे जाऊन ‘पेपेरि’ झाली. अशा उसन्या शब्दांत वर सांगितलेले ध्वनिनियम लागू होत नाहीत, आणि त्यावरूनच ते उसने म्हणून पकडले जातात. ‘क’पुढे ‘ए’ असूनही केंद्रचा ‘चंद्र’ झाला नाही. म्हणजे संस्कृतातला तो जुना बदल होऊन गेल्यावर हा शब्द दारात आला.

आणि शेवटी ‘यवन’. आयोनियन ग्रीकांचं जुनं नाव ‘इयावोनेस’. क्नोसोसच्या पाटीवर ‘इ-या-वो-ने’ असं ते आहे. आयोनियनांनी स्वतः पुढे ‘व’ म्हणणं सोडलं आणि ते ‘इओनेस’ झाले. पूर्वेकडे मात्र ‘व’ राहिला: प्राचीन फारसीत ‘यौन’, पाणिनीकडे ‘यवन’. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर तिथल्या खांबांवरचे दानलेख नीट पाहा. धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, लेख प्राकृतात आहेत. त्या दगडात ‘यवनस’ असं कोरलं जात होतं तेव्हा अथेन्सला कोणाच्याही बोलण्यात तो ‘व’ उरलेला नव्हता.